दोन जावा आणि दीड महिन्याची मुलगी

ती घटना आठवली की मला अजून हसू येतं. त्या दिवशी दुपारपर्यंत मात्र ठाण्यात कुणीच हसत नव्हतं.

मी सातवी शिकलेली. नवरा पोलिसात होता. तो नोकरीत असतानाच गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. मी वाईकडची, पण निम्मी नोकरी सांगली जिल्ह्यात झाली. ही गोष्ट निवृत्तीच्या थोडी आधीची, कृष्णाकाठच्या एका ठाण्यातली. नावं कुणाची सांगणार नाही.

शनिवारी सकाळी ठाणे अंमलदाराकडे फोन आला. एक बाई नाव न सांगता बोलली, "वीटभट्टीवरच्या एका बाईकडं चोरलेलं पोर हाय. लस टोचायला आल्ती, तर कार्डावर नाव एकीचं आन् पोर दुसरीच्या हातात. नाव इचारलं तर सांगताना अडखळली." एवढं बोलून फोन ठेवला. असले निम्मे फोन भांडणातून येतात. पण पोराचं प्रकरण म्हटल्यावर जावंच लागतं. स्टेशन डायरीला नोंद केली आणि मी एका शिपायाला घेऊन भट्टीवर गेले.

तिथे दोघी जावा सापडल्या, जत भागातल्या. नवरे विटांच्या ट्रॅक्टरवर गेलेले. थोरलीच्या कडेवर एक धट्टाकट्टा मुलगा, धाकटीच्या पदराखाली दीड महिन्याची मुलगी. दवाखान्याच्या कार्डावर मुलीच्या आईचं नाव थोरलीचं.

"ही मुलगी कुणाची?" मी विचारलं.

"माझी," थोरली म्हणाली. "कागदावर नाव हाय न्हवं?"

"आणि हा कडेवरचा?"

"ह्यो बी माझाच."

"केवढा झाला?"

"नऊ म्हैन्याचा."

मी बोटांवर मोजलं. "म्हणजे ह्याच्यानंतर साडेसात महिन्यांत ही? ती पण भरल्या वजनाची? मी पण दोन पोरं काढलीत गं बाई."

"द्येवानं दिलं, म्या काय करू?"

दोघींना पोरांसकट जीपमध्ये बसवलं आणि ठाण्यात आणलं.

आमचे साहेब नवे, वयानं तरुण. हिशोब ऐकल्यावर ते खुर्चीतून उठलेच. "मावशी, मूल विकणारी टोळी असणार. कागदावरची बाई आई असूच शकत नाही." त्यांचं चुकत नव्हतं. मलाही तेच वाटलं. वैद्यकीय तपासणी सोमवारशिवाय होणार नव्हती आणि रक्ताच्या तपासणीला तर कित्येक आठवडे लागणार. तोवर मुलगी संशयितांकडे ठेवता येत नाही. संध्याकाळी पाचला तिला बालकल्याण समितीपुढे न्यायची आणि तिथून शिशुगृहात, असं ठरलं. दूध कोण पाजतं यावरून आई ओळखावी, तर दूध दोघींनाही. मुलगी दोघींकडेही गप्प राहायची.

चौकशी दोन तास चालली. धाकटी भिंतीला टेकून बसलेली. तोंडाला कुलूप. साहेब मोठ्यानं बोलले की मुलीला आणखी घट्ट धरायची. थोरली मात्र एकेक प्रश्न परतवत होती.

"मूल कुठून आणलं?"

"पोटातनं."

"खोटं बोलशील तर आत टाकीन."

"टाका. पर चा सांगा आदी. आन् साखर जरा जास्त टाकाया सांगा, सकाळधरनं पोट गच्च झालंय."

"पोटाला काय झालं?" मी विचारलं.

"ती गोळी वो! दर आठवड्याला नर्सबाई येती, माझं नाव पुकारती आन् म्होरं हुबं ऱ्हाऊन रक्तवाढीच्या गोळ्या खायला लावती. न्हाई म्हनलं तर वरडती."

मी तिच्याकडे बघितलं. गाल लालबुंद, दंड माझ्याहून मोठे. हिला रक्तवाढीच्या गोळ्या कशाला? मग धाकटीजवळ जाऊन तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत कागदासारखी पांढरी. मनात शंका आली, पण शंकेवर कुणाचं मूल कुणाला देता येत नाही.

दुपारी शिपाई दवाखान्यातून बाळंतपणाचे कागद घेऊन आला. नाव, वय, गाव सगळं थोरलीचं. बाळंतपणानंतर रक्त थांबेना म्हणून दोन बाटल्या रक्त चढवलेलं, त्याचं संमतीपत्र सोबत. साहेब म्हणाले, "झालं. कागद हिचाच. आता जबाब पुरा करा." रायटरनं थोरलीचा जबाब वाचून दाखवला आणि शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला.

थोरली भडकलीच. "अंगठा? मला काय अडाणी समजता व्हय? सही येती मला. पेन द्या."

पेन घेऊन ती जमिनीवर मांडी घालून बसली. एकेक अक्षर कोरत, जीभ बाहेर काढून, तिनं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट. मग स्वतःच कौतुकानं बघत राहिली.

मी तडक टेबलावरचं संमतीपत्र उचललं. त्यावर थोरलीच्या नावापुढे अंगठा होता.

साहेबांना मी कागद दाखवला. ते म्हणाले, "त्यात काय? बाळंतीण होती, दुखत असेल, दिला अंगठा." त्यांचं शिक्षण कॉलेजातलं. त्यांना हे कळणं कठीण. माझी सासू म्हातारपणी सही शिकली. हात मोडून प्लॅस्टरमध्ये होता तेव्हासुद्धा तिनं डाव्या हातानं सही केली, पण अंगठा दिला नाही. ज्या बाईला कशीबशी सही येते, ती मरताना पण अंगठा देत नाही.

मी थोरलीसमोर कागद धरला. "हा अंगठा तुझा?"

ती हातातलं पेन घट्ट धरून बसली. अंगठा आपला म्हणायची तिला लाज वाटली.

"अक्का, फुरं झालं आता," धाकटी भिंतीजवळून म्हणाली. दोन तासांतलं तिचं पहिलं वाक्य. "बाई, माझा हाय अंगठा. पोरगी माझी हाय."

मग सगळं बाहेर आलं. धाकटीकडे आधार, रेशन असलं कसलंच कार्ड नव्हतं. आईबाप लहानपणीच गेले, कागद कुणी काढलेच नाहीत. कळा सुरू झाल्यावर भट्टीचा मुकादम म्हणाला, कार्डाशिवाय दवाखान्याच्या दारातसुद्धा घेत नाहीत. म्हणून थोरलीचं कार्ड नेलं. नंतर त्यानंच भीती घातली, की खोटं नाव दिलं म्हणून दोघी आत जाल. रक्त गेलं धाकटीचं आणि गोळ्या खात होती थोरली.

"अगं, त्या गोळ्या हिला द्यायच्या ना!" मी ओरडले.

"नर्सबाई हालतीया व्हय, गिळल्याबिगर? तोंड उघडून बगती!"

साहेबांना आता हसू आवरेना. तरी त्यांनी नियमाप्रमाणे बाळंतपण केलेल्या नर्सला बोलावलं. ती ड्युटी संपवून साडेचारला आली. दारातूनच धाकटीकडे बोट करून म्हणाली, "हीच ती. माझा हात असा पिरगाळलाय, अजून वर जात नाही!" धाकटी लाजून हसली. नर्सचा जबाब झाला, अंगठ्याचा ठसा जुळवायला पाठवला, समितीला कळवलं आणि मुलगी आईच्याच मांडीवर राहिली. गुन्हा दाखल करायचा का, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "करा की, मुकादमावर." त्याला बोलावून त्यांनी चांगला तासभर उभा केला.

सोमवारी मी धाकटीला स्वतः दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर अशीच राहिली असती तर चक्कर येऊन भट्टीत पडली असती. नाव दुरुस्तीला खेटे घालावे लागले, पण झालं.

मला यातून एक गोष्ट कळली. गरीब माणूस गप्प बसला की आम्ही धरून चालतो, यानं काहीतरी चोरलंय. पुष्कळदा त्याला मिळालेलं परत जाईल एवढीच भीती असते. आणि आजारी पडल्यावर कार्ड लागतं ही अफवा औषधापेक्षा आधी पोचते. दवाखान्यात अडलेल्या बाईला कार्ड नसलं तरी घ्यावंच लागतं, हे मलासुद्धा त्या दिवशी नर्सकडून कळलं. पुढे मी कुठल्याही भट्टीवर कामाला गेले की आधी बायकांना गोळा करायची आणि सांगायची, "कळा आल्या की कार्ड शोधत बसू नका, दवाखाना गाठा."

एकदा एका पोटुशीनं विचारलं, "आन् बाई, नाव कुणाचं सांगू?"

"तुझंच सांग की गं!"

"चालतंय व्हय?" ती म्हणाली, आणि हसता हसता बाकीच्या बायकांच्या हातातल्या विटा खाली पडल्या.