तुपाचा डबा जयवंताकडे

चौक गावच्या बाजारात, जुन्या हायवेला खेटून, जयवंताचं दुकान आहे. पुढे काउंटर, सँडविचचं ग्रिल आणि काचेचं कपाट. मागे तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे धाऊंनी, बांधलेली लाकडावरची भट्टी. पाटीवर नुसतं 'बेकरी आणि सँडविच' एवढंच लिहिलंय. वर नाव देवाचं घालायचं की धाऊंचं, यावर घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही आणि पेंटर कंटाळून निघून गेला.

आता सांगा, पाव दाबून बघून माणसाला काय मिळतं? सकाळी पहिली लादी बाहेर आली की येणारा प्रत्येक जण आधी अंगठा पुढे करतो. वाफ निघतेय, हात भाजतोय, तरी विचारणार, "ताजा हाय का गं?" आणि दाबून झालं की दाबलेला पाव तसाच ठेवून शेजारचा उचलणार. जयवंताने किती वेळा सांगितलं असेल, पण चौकातल्या माणसांचे अंगठे काही आवरत नाहीत.

पोस्टातून निवृत्त झालेले अण्णा रोज यायचे, रोज ब्रेड घ्यायचे आणि रोज तेच म्हणायचे, "धाऊच्या वेळची चव राहिली नाही हो."

"धाऊच्या वेळी तुमचं दात व्हतं, अण्णा," जयवंता म्हणायची. अण्णा हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणायचे.

शनिवार-रविवार तर डोक्याला ताप. फार्महाऊसला निघालेल्या गाड्या थांबतात. सँडविचमध्ये कांदा नको, बटाटा नको, चटणी तिखट नको, बटर नको. "मग साधा पावच न्या की," असं ओठांवर आलेलं जयवंता रोज गिळते. एका बाईने सँडविचचे इतके फोटो काढले की ते गार झालं, मग म्हणाली, जरा परत गरम करून द्या. एकाने फोनवर दुकानाबद्दल लिहिलं होतं, जागा स्वच्छ आहे पण मालकीण हसत नाही. नवरा राजेश खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याने ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं.

"हसू कशाला?" जयवंता म्हणाली. "मी काय फोटोला उभी हाय?"

पण हे सगळं वर्षभराचं रडगाणं झालं. दिवाळीच्या आधीचे दिवस आले की दुकानाची तऱ्हाच बदलते. चौकातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या बायका आपापलं तूप, मैदा, पिठीसाखर घेऊन येतात आणि नानकटाई भाजून नेतात. दुकानातली आयती कितीही चांगली असू दे, 'घरच्या तुपातली' म्हणून पाहुण्यांपुढे ठेवायची ती अशी भाजून आणलेलीच लागते. जयवंता तूप फेसते, पीठ मळते, भाजते, आणि भाजणावळ घेते. या थोड्या दिवसांच्या जिवावर दुकान पुढचे कितीतरी महिने तगतं.

आणि हा सगळा कारभार एकाच गोष्टीवर उभा. बाई तुपाचा डबा ठेवते आणि बाजाराला निघून जाते. चांगलं तूप काढून घेऊन त्यात स्वस्तातलं वनस्पती तूप कालवणाऱ्या भट्टीवाल्यांच्या गोष्टी या भागात काही कमी नाहीत, बायका त्या चवीने सांगतात. पण डबा जयवंताकडे ठेवला की कुणी मागे वळून बघत नसे. सासूने तिच्या पदरात घातलेली कमाई म्हणायची तर एवढीच. सासू सांगायची, "बाय, डब्याचं झाकण उघडलं का दुसऱ्याचं घर उघडतं. नाकानं घे, तोंडानं काढू नको." कुणाचं तूप गेल्या वर्षीचं खवट, कुणाचं निम्मं उसनं, जयवंताला झाकण काढताच कळायचं. तोंडातून चकार शब्द कधी बाहेर पडला नाही.

तर त्या शनिवारी भागूबाई आली. भागूबाई खालच्या वाडीतली, दारात दोन म्हशी, घरोघर तूप घालणारी. तिचा डबा उघडला आणि जयवंताचं नाक थबकलं. म्हशीचं तूप पांढरं, वनस्पतीही पांढरी. डोळ्याला फसवता येतं, नाकाला नाही.

भागूबाई जवळ सरकली. "फारमहौसवाल्यांनी हुतं नव्हतं तेवढं तूप उचललं गं. पैका दिसला, दिऊन बसले. आता लेकीची पयली दिवाळी, व्याह्यांकडं नानकटाई धाडायची. तूप कुठनं आनू?"

"मी कुठं काय इचारलं?" जयवंता म्हणाली आणि फेसायला बसली.

विचारायची गरजच नव्हती. तूप विकणारीच्या घरात वनस्पती निघाली असं कळलं, तर उद्या तिचं तूप घेईल कोण? पहिल्यांदा तोंड फिरवतील त्या उमावहिनी, आणि नेमकी त्यांचीच सून नम्रता तेव्हा पलीकडे बसली होती. उमावहिनी म्हणजे बाजारातलं जुनं वकिलांचं घर. स्वतः मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, बोलतात तेव्हा अजून वर्ग पुढ्यात असल्यासारख्या. त्यांच्या डब्यात भागूबाईकडूनच घेतलेलं अस्सल तूप होतं. गर्दी फार म्हणून नम्रता आणि भागूबाई आपापले गोळे स्वतःच वळत होत्या.

कोणती नानकटाई कुणाची हे कळावं म्हणून प्रत्येक घराची खूण असते. उमावहिनींची वर चारोळी, भागूबाईची बोटाने दाबलेली खळी. जयवंता पुढे एका गाडीवाल्याला समजावायला गेली, की सँडविचमधली काकडी हिरवी असते, ती शिळी नसते. परत येऊन बघते तर भागूबाईच्या सगळ्या गोळ्यांवर चारोळी.

"सूनबाईंनी दिली गं," भागूबाई म्हणाली. "उरली व्हती त्यांची. किती शोभा आली बघ."

नम्रता गोड हसली. "म्हटलं, त्यांच्या मुलीची पहिली दिवाळी आहे."

चांगुलपणाच तो, त्याला बोलणार काय? जयवंताने कपाळाला हात लावला. भाजून झाल्यावर तिने ट्रे दोन बाजूंना वेगवेगळे निववत ठेवले आणि बजावून सांगितलं, "नम्रता, डावीकडले तुमचे." तेवढ्यात पुढून हाक आली, दोन ग्रिल करा, एकात चीज जास्त. जयवंता सांगताना भट्टीकडे तोंड करून उभी होती. नम्रता भरायला बसली ती दाराकडे तोंड करून. तिचं डावं ते जयवंताचं उजवं. चीज वितळेपर्यंत दोघी डबे भरून घरी गेल्या होत्या.

दोन दिवसांनी, दुकान भरलेलं असताना, उमावहिनी आल्या. अण्णा होते, डबे घेऊन आलेल्या चार बायका होत्या, आणि पाव न्यायला आलेली भागूबाईही होती. वहिनींनी स्टीलचा डबा काउंटरवर ठेवला.

"खाऊन बघ."

जयवंताने तुकडा तोंडात टाकला. जिभेवर विरघळला नाही, टाळूला जाऊन चिकटला. एका क्षणात सगळं तिच्या ध्यानात आलं, नम्रताचं बसणं, डावं, उजवं, सगळं.

"हे माझ्या तुपातलं आहे?" वहिनींनी विचारलं. "नम्रताच्या माहेरी पाठवलं मी हे. तिच्या आईने फोन करून विचारलं, हल्ली तुमच्याकडे वनस्पती वापरता का. मला विचारलं तिने, मला."

जयवंताने भागूबाईकडे पाहिलं. भागूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. एक वाक्य पुरे होतं. ते जयवंताच्या तोंडाशी आलं होतं, आणि भागूबाईच्या डोळ्यांत एवढी गयावया होती की ते तिथेच अडलं.

"वहिनी, ट्रे बदलला असंल," ती म्हणाली. "चूक माझी. मी बघाया पायजे व्हतं."

"कुणाशी बदलला?"

जयवंताने डब्याचं झाकण लावलं.

"म्हणजे कुणीतरी वनस्पती आणली होती. कुणी? नाव सांग, मी जाऊन माझी नानकटाई परत आणते."

"आठवत नाय."

"आठवत नाही, की बदललाच नाही?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. पाव दाबायला पुढे केलेला अण्णांचा अंगठासुद्धा तिथेच थांबला.

"मी नवी करून देते," जयवंता म्हणाली. "माझ्या घरच्या तुपातली."

"तुझ्या घरचं तूप," उमावहिनी सावकाश म्हणाल्या. "ते कुठून येतं, हेही मग विचारायला हवं." आणि डबा तिथेच ठेवून त्या निघून गेल्या.

गर्दी पांगल्यावर भागूबाई आत आली. "लय उपकार केलंस गं बाय. आन् सांगू का, व्याह्यांनी नानकटाई लय वाखानली. म्हनले, तूप असावं तर असं."

"असनारच. वहिनींचं तूप हाय ते." जयवंताच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "ह्ये बघ, वनस्पतीचं नको सांगू. तुझा अन् त्यांचा ट्रे बदलला, येवढं तरी जाऊन सांग. माझ्यावर चोरीचा आळ आलाय गं."

"ट्रे बदलला म्हनलं का वनस्पती माझीच झाली की."

"मग?"

"दिवाळी व्हऊ दे. सांगते काय तरी."

रात्री राजेश चिडला. "सांगून टाकायचंस ना सरळ. ती बाई कोन लागते आपली?"

"आज तिचं सांगितलं तर उद्या बाया म्हनतील, ही आपलं पन सांगंल. मग डबा ठेवंल कोन?"

"आता तरी कोन ठेवनार हाय?" राजेश म्हणाला. जयवंताने त्याला आणखी भात वाढला.

त्याचंच खरं झालं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. बायका आल्या, पण डबा ठेवून गेल्या नाहीत. एक मैद्याच्या पोत्यावर बसली, एक दारात बसली. एकीने स्वतःला वेळ नाही म्हणून जावेला धाडलं. भट्टीच्या धगीने घाम निथळतोय, "काय गं गरम हाय तुझ्याकडं," म्हणतायत, पण उठायचं नाव नाही. "तुमी जा बाजाराला, झालं का ठेवते," जयवंता म्हणाली की हसून म्हणायच्या, "नाय गं, बाजार झालाय." बाजार कसला झालाय, पिशव्या रिकाम्या दिसत होत्या. तूप फेसताना तिच्या हाताकडे एवढे डोळे लागलेले असायचे की आपलेच हात तिला परक्याचे वाटायला लागले. काही जणी तर फिरकल्याच नाहीत. खोपोलीला कुठेतरी यंत्रावर करून मिळते म्हणे. अण्णा मात्र रोज येत राहिले, पण धाऊच्या चवीचं म्हणेनासे झाले, आणि त्याचा जयवंताला सगळ्यात जास्त राग आला.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी भागूबाई डबा घेऊन आली.

"सांगितलंस का वहिनींना?"

"दिवाळी व्हऊ दे म्हनलं ना." तिने डबा पुढे केला. "आता घरच्यासाठी करायची हाय थोडी."

जयवंताने झाकण काढलं. ताजं, रवाळ, म्हशीचं तूप, वास थेट डोक्यापर्यंत गेला. काही झालं तरी वस्तू चांगली होती, आणि चांगल्या वस्तूवर राग काढायची जयवंताला सवय नव्हती.

"ठेव," ती म्हणाली. "सांजच्याला ये."

भागूबाई हलली नाही. तिने कोपऱ्यातला उपडा डबा पायाने ओढला, पदर खोचला आणि त्यावर बसली.

"आता तू पन?" जयवंता म्हणाली.

"राग मानू नको गं बाय. सगळ्याच बसतात. मी एकटी डबा ठिवून गेले तर लोक म्हनतील, हिलाच कशी येवढी खातरी." मग खाली बघत ती म्हणाली, "आन् माझी सून पन म्हनली, आत्या, डब्यापासनं हलू नका."

डबा उचलून हिच्या डोक्यावर उपडा करावा, असं जयवंताला वाटलं. पुढून कुणीतरी एक सँडविच, कांदा नको, असं ओरडलं. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, परात उचलली, भागूबाईच्या अगदी पुढ्यात आणून ठेवली आणि सगळं तूप तिच्यासमोर त्यात काढलं.

"बघ नीट," ती म्हणाली.

आणि भागूबाई खरोखरच बघत बसली, पार शेवटचा गोळा वळून होईपर्यंत.