मागच्या सीटचा पट्टा

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात अनंता हा चहाचा पक्का माणूस. सकाळी उठल्या उठल्या दोन कप, संध्याकाळी दोन, आणि मध्ये कुणी हाक मारली तर त्याचं मन मोडायला नको म्हणून आणखी एक. फक्त अकराचा चहा तो घेत नाही. अंगणात जाळी शिवायला बसलेल्या माणसांना अकरा वाजता चहा फिरतो, तेव्हा अनंता मान खाली घालून सुई चालवत राहतो. पहिल्या वर्षी लोकांनी चौकशी केली. मग आपापल्या परीने उत्तरं शोधली. कुणी म्हणालं एकवीरा आईला नवस बोललाय, कुणी म्हणालं पित्त. सात वर्षं झाली, आता कुणी विचारत नाही. त्याची बायको नीराबाई ताटलीत कप मांडून आणते, सगळ्यांना देते, त्याला वगळून पुढे जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या घरातला फोटो. ओटीवरून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर अनंता शाल पांघरून, हातात नारळ घेऊन उभा आहे. समुद्रात अडकलेल्या गाडीपाशी बुडणाऱ्या नवराबायकोला जिवंत काढल्याबद्दल गावाने सत्कार केला होता. येणारा-जाणारा त्या फोटोसमोर दोन मिनिटं थांबतो. अनंता मात्र जेवायला बसतो तो त्याच्याकडे पाठ करून. लोक याला विनय म्हणतात. लोकांना काय, एकदा माणूस चांगला ठरवला की त्याच्या शिंकेतसुद्धा त्यांना सद्गुण दिसतो.

तर यंदा त्याच्या लेकीने, प्राचीने, गाडी घ्यायचं ठरवलं. तिचा नवरा विनेश रिक्षा चालवतो. मांडव्याच्या जेट्टीवर मुंबईची माणसं उतरतात, त्यांना सात-आठ जणांची मोठी गाडी लागते आणि रिक्षाकडे कुणी ढुंकून बघत नाही. नवी एसयूव्ही घेण्याची ऐपत नव्हती. तीन लाखांत मिळेल ती जुनी, पण धड चालणारी, असा हिशेब होता. चार महिने दोघांनी पेणपासून अलिबागपर्यंत गाड्या पाहिल्या. एक बाहेरून नवरीसारखी आणि आतून सगळी गंजलेली. दुसरीचं इंजिन इतका धूर सोडी की मालकच खोकत होता. शेवटी म्हसळ्याच्या गणराजचा निरोप आला. त्याचं छोटं गॅरेज, सोबत जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री. सात सीटर, डिझेल, अकरा वर्षांची, पांढरी, आणि किंमत बरोबर तीन लाख. प्राची म्हणाली, बाबा, तुम्ही पण चला, तुमचा पायगुण चांगला आहे. अनंताला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण लेकीपुढे नाही म्हणवेना.

मुरूडपर्यंत एसटी, पुढे रिक्षा, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, तिथून सहा आसनी रिक्षाने म्हसळा. गाडी गॅरेजच्या मागे आंब्याखाली उभी होती. विनेशने एका मेकॅनिककडून सगळं शिकून घेतलं होतं. त्याने पत्र्याला लोहचुंबक लावून पाहिलं, तेलाचं झाकण उघडून बोट बुडवलं, गाडीखाली आडवा झाला. मग आत शिरून एकेक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढू लागला. गाडी कधी पाण्यात बुडाली असेल तर पट्ट्याच्या आतल्या टोकाला डाग राहतो म्हणे. डाग नव्हता. सगळे पट्टे धुऊन विटलेले, करडे. मागच्या सीटचा डावा तेवढा काळाभोर, नवा.

विनेशने विचारलं तेव्हा गणराज सरळपणे म्हणाला की पनवेलला लिलावात गाडी घेतली तेव्हा तो पट्टा तुटलेला होता, उंदराने खाल्ला असेल, मी नवा टाकला. विनेशचं समाधान झालं. अनंता दाराशी उभा होता. पट्टा हा शब्द ऐकला आणि तो एक पाऊल मागे सरला.

म्हसळ्यापासून दिघीच्या धक्क्यापर्यंत गाडी चालवून बघायची, गणराजने सोबत यायचं आणि तिथून गाडी परत न्यायची, असं ठरलं. विनेश चालवायला, शेजारी गणराज. प्राची मागे उजवीकडे बसली आणि अनंताच्या वाट्याला डावी बाजू आली. तो राहू दे म्हणेपर्यंत तिने त्याच्या अंगावरून पट्टा ओढून खटकन अडकवलासुद्धा. अनंताचा हात आपसूक कुल्ल्याशी, पट्टा अडकतो तिथे गेला. प्लास्टिकच्या कडेला एक खाच होती. बोटभर लांब, आत तिरकी गेलेली. त्याने बोट तिथेच ठेवलं. ती खाच त्याच्या सुरीची होती.

गाडी तेव्हा लाल होती.

सात वर्षांपूर्वीचा तो अमावास्येनंतरचा शनिवार. मुंबईचं एक कुटुंब, नवराबायको आणि नवऱ्याची म्हातारी आई, सकाळी ओल्या वाळूवर गाडी घेऊन उतरलं आणि साडेदहाला चाकं रुतली. अशा गाड्या ओढून काढणं हा अनंताचा जोडधंदा होता. रीत ठरलेली होती. आधी खांद्यावर दोर टाकून एकट्याने जायचं, भाव ठरवायचा, मग ट्रॅक्टरवाल्या कान्हाला फोन करून बोलवायचं. भाव जमला नाही तर वळून चालू लागायचं. पाणी पायाला लागलं की गाडीवाला आपणच हाका मारीत येतो. दहा मिनिटांचा खेळ. सगळेच असं करत. आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या दिवशी अनंता दोन हजार म्हणाला, म्हातारीचा मुलगा दीडच्या वर चढेना. पाणी चढतंय, उधाण आहे, लवकर ठरवा, असं अनंताने त्याला दोनदा सांगितलं. आणि ते खरं होतं. तेवढ्यात मागच्या काचेतून त्याच्या आईने हाक मारली. गुडघ्यांनी अधू बाई, पट्टा लावून बसलेली. तिचा एक हात दाराच्या कडीवर होता. ती म्हणाली, "दादा, पाणी इथवर येईल का हो? मी उतरू का?"

म्हातारं माणूस घाबरू नये म्हणून अनंता बोलून गेला, "न्हाय आजी, बसा. अजून येळ हाय."

म्हातारीने कडीवरचा हात काढला. आणि मुलाला म्हणाली, बघ, ते म्हणतात वेळ आहे, उगाच कशाला जास्त देतोस. मुलगा दीड हजारावर घट्ट बसला. अनंता चिडून घरी आला.

परत गेला तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. लाटांनी चाकांखालची वाळू पोखरून गाडी एका अंगावर कलली होती आणि पाणी काचांपर्यंत होतं. आईला काढायला गेलेले नवराबायकोच ओढले जात होते. त्या दोघांना त्याने बाहेर आणलं. मग आत बुडी मारली. पट्टा सुटेना म्हणून सुरीने कापला, एक वार चुकून प्लास्टिकवर बसला. म्हातारी बाहेर आली ती गेलेलीच. पोलिसांपुढे मुलाने पैशांच्या घासाघिशीचं नाव काढलं नाही. त्यालाही त्याचं मन खात असणार. अनंताही बोलला नाही. गाडी बुडताना बघितली आणि धावलो, एवढंच सांगितलं. तेच कागदावर गेलं, तेच सत्काराच्या भाषणात आलं.

दिघी येईपर्यंत विनेश खूश होऊन गात होता. इंजिन गुळगुळीत, ब्रेक घट्ट, एसीसुद्धा चालू. धक्क्यावर गाडी थांबली. अनंताला पट्टा सोडवता येईना. लाल खटका समोर दिसत होता पण बोट त्या खाचेवरून हलेना. प्राचीने हसत दाबून दिला.

उतरल्यावर तो म्हणाला, ही गाडी नको. विनेशचा चेहरा पडला. त्याने कारण विचारलं, आणि ते विचारणं रास्तच होतं, चार महिन्यांच्या वणवणीनंतर हातात आलेली गाडी कोण उगाच सोडील? अनंताने निम्मं खरं सांगितलं. ही तीच गाडी आहे, समुद्रातली. पट्टा उंदराने नाही, मी कापलाय. त्याने खाच दाखवली.

त्याला वाटलं, झालं, संपलं. पण निम्म्या खऱ्याने उलटंच केलं. गणराज आधी पांढरा पडला, मग एकदम वाकून अनंताच्या पाया पडला, आणि मला खरंच ठाऊक नव्हतं असं म्हणत पंचवीस हजार कमी केले. विनेश म्हणाला, मामा, जिथून तुम्ही माणसं जिवंत काढलीत ती गाडी अपशकुनी कशी? सात वर्षं चालतेय, खारं पाणी आत मुरलं असतं तर कधीच बसली असती. आणि प्राचीचे डोळे भरून आले.

"बाबा, ही गाडी आपल्याकडेच यायची होती," ती म्हणाली. "तुमच्या पुण्याईची आहे."

अनंताला त्या क्षणी धक्क्यावरून खाली पाण्यात उतरावंसं वाटलं. संध्याकाळपर्यंत फोनवरून टोकन पाठवतो असं ठरवून विनेशने गणराजचा हात हातात घेतला.

फेरीबोट सुटली. विनेश वरच्या बाजूला जाऊन मित्रांना गाडीचे फोटो पाठवू लागला. प्राची कठड्याला टेकून हिशेब करत होती, कुठल्या शनिवारी पहिली फेरी, सीटांना कसली कव्हरं घालायची. म्हातारी माणसं असली तर त्यांना मागे डावीकडे बसवू, ती म्हणाली, त्या बाजूने उतरायला बरं पडतं. अनंताच्या डोळ्यांपुढे कडीवरचा तो हात आला. गप्प राहिलो तर दर शनिवारी कुणाची तरी आई तिथे बसेल, आणि लेक तिला अभिमानाने बापाची गोष्ट सांगेल. बोललो तर लेकीच्या नजरेतला बाप आजच बुडेल. आगरदांड्याचा धक्का दिसू लागला होता.

तो म्हणाला, "प्राची, मी आधी जाऊन आलो होतो तिथं."

मग सगळं सांगितलं. दोन हजार आणि दीड हजार, उधाण, कडीवरचा हात. "ती उतरत होती पोरी. मीच बसवली तिला," तो म्हणाला. प्राची पाण्याकडे बघत राहिली. बोट धक्क्याला लागायच्या आत तिने गणराजला फोन लावला, गाडी नको म्हणून सांगितलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती समुद्रात होती हे सांगितलं नाहीस तर मी स्वतः म्हसळ्याला येऊन सांगेन, असंही बजावलं. विनेश तणतणत खाली आला तेव्हा ती म्हणाली, घरी गेल्यावर बोलू. रेवदंड्यापर्यंत ती बापाशी एक शब्द बोलली नाही. पण एसटीत त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि उतरताना त्याच्या हातातली पिशवी घेतली.

रात्रभर अनंता कूस बदलत होता. लेकीला कळलं, आता बायकोला कुणा तिसऱ्याकडून कळू नये. दुसऱ्या दिवशी अंगणात माणसं जाळ्यांवर बसली, अकरा वाजले, नीराबाई चहाची ताटली घेऊन आली. सगळ्यांना देऊन ती आत वळली तसा तो तिच्या मागोमाग चुलीपाशी गेला. म्हणाला, तुला एक सांगायचंय, त्या गाडीचं. मी आधी गेलो होतो.

"मना ठाव हाय," नीराबाई म्हणाली.

तिने रिकामी ताटली पालथी घातली, हात पुसले, मग परत ओले केले.

"तुमी दोर घेऊन घरी आलाव. उठलाव व्हता परत जायाला, मना आठवतंय. मीच म्हटलं, च्या घेऊन जावा. राहू दे त्यांना जरा, येतील आपल्या पायांनी." तिचा आवाज अगदी हळू होता. "तुमी मोठा कप घेतलाव. मीच भरून दिला."

अनंताने विचारलं की इतकी वर्षं तू बोलली का नाहीस.

"तुमी एकट्यानीच सोडलाव काय हा च्या?" ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी रिकामे कप एकात एक घालत होतं. अनंता मोजू लागला, कालचे, परवाचे, गेल्या पावसाळ्यातले. रोज अकरा वाजता ती सगळ्यांना चहा वाटायची आणि ताटली मोकळी करून आत जायची. सात वर्षांत तिच्या स्वतःच्या हातात कप आहे का, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.