मामांचा निरंक अहवाल

नागपूर शहर आजवर जळून खाक झालं नाही, याचं श्रेय माझ्या बायकोच्या लांबच्या मामांना द्यायला हवं. निदान महिन्याच्या पहिल्या सोमवारपुरतं तरी. त्या दिवशी मामा एसटीतून उतरत आणि स्टँडपासून सीताबर्डीपर्यंत मान खाली घालून, वाटेतलं बिडीचं एकूणएक थोटूक टाचेने चिरडत पायी येत. थोटूक विझलेलं दिसलं तरी त्यावर त्यांचा विश्वास नसे. एकदा व्हरायटी चौकात एक गृहस्थ सिगारेट ओढत उभे होते, तर मामा त्यांच्या अगदी शेजारी जाऊन थांबले. गृहस्थ बिचकून म्हणाले, "काय पाह्यजे जी तुमाले?" "काही नाही," मामा अदबीने म्हणाले, "तुमचं चालू द्या. झाली का मले द्या." म्हाताऱ्याला झुरका हवा असेल असं समजून त्या भल्या माणसाने अर्धी सिगारेट लगेच पुढे केली. मामांनी ती त्याच्या डोळ्यांदेखत थुंकी लावून विझवली, हात जोडले आणि पुढच्या थोटकाकडे वळले.

मामा नागपूरपासून तीन तासांवरच्या राष्ट्रीय उद्यानात वनरक्षक होते आणि मी त्याच खात्याच्या नागपूरच्या कचेरीत कारकून. त्यांच्या बीटाचा, म्हणजे त्यांच्या वाट्याच्या जंगलाचा, मासिक अहवाल ते टपालाने धाडू शकले असते. पण कागद पेटू शकतो, तेव्हा तो परक्या हाती द्यायचा नाही, असा त्यांचा हिशेब. अहवालात रकाने पुष्कळ होते. वणवा किती वेळा लागला, किती जंगल जळालं, विशेष घटना कोणती. मामा प्रत्येक रकान्यात एकच शब्द लिहीत, "निरंक", म्हणजे काही घडलं नाही, आणि तोही असा घोटून, की रांगोळीच काढली आहे. मी थट्टेने म्हणायचो, "मामा, एखाद्या महिन्यात काहीतरी घडू द्या की." ते गंभीरपणे म्हणत, "घडू देत नाही, जवाईबापू, म्हनून तर सरकारनं मले ठेवलं हाये."

कचेरीतून ते आमच्या घरी जेवायला येत, आणि तिथून खरी पंचाईत सुरू होई. निघताना घरातला विस्तव विझवून निघायचं, हा जंगलातला नियम त्यांनी आमच्या स्वयंपाकघरालाही लावला होता. कोळशाच्या शेगडीवर तांब्याभर पाणी ओतून ते पायात वहाणा सरकवत. चर्रर्र आवाज झाला, राखेचा लोट उठला, की आमची ही ओरडे, "मामा, काहून विझवली जी? आमचा भात अर्धा कच्चा हाये!" "भात उद्या बी शिजते, पोरी," मामा म्हणत. एकदा तर त्यांनी आमच्या घराभोवतीचा कडुनिंबाचा पाला झाडून दोन हात रुंद पट्टा उघडा केला. जंगलात वणवा अडवायला अशीच जाळरेषा काढतात. आमच्या शेजाऱ्याला मात्र वाटलं, आम्ही हद्द आखतो आहोत. तो संध्याकाळी मोजायची फीत आणि दोन साक्षीदार घेऊन आला. मामांनी त्या तिघांनाही खराटे दिले.

एका उन्हाळ्यात वाघ पाहायला म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. वाघ दिसला नाही, खराटा दिसला. मोहाची फुलं गळायला लागली, की ती वेचायला सोपी जावीत म्हणून गावातले लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात, आणि तोच विस्तव पुढे डोंगर खातो. मामांनी कुणाला कधी दटावलं नाही, की कुणाची टोपली जप्त केली नाही. फुलं गळण्याआधी ते स्वतःच एकेका मोहाखाली जात आणि अंगण झाडावं तसं जंगल झाडत. बाया त्यांना चिडवायच्या, "गार्डबाबा, आमच्या आंगनात बी येऊन जा ना एक दिवस!" मामा म्हणत, "येतो, पन तुमच्या चुली विझवून जाईन." मग हसू उसळे. आजूबाजूच्या टेकड्या काळ्या पडलेल्या, आणि मधे मामांचं जंगल तेवढं जसंच्या तसं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मामांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. त्याच वर्षी राष्ट्रीय उद्यानांची उत्कृष्ट सेवा करणाऱ्यांचा नागपुरात सत्कार करायचं ठरलं आणि शिफारशीचे फॉर्म भरायचं काम माझ्या टेबलावर आलं. कधी काही न मागणारा हा माणूस त्या सोमवारी मला व्हरांड्यात घेऊन गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तिथं नाव घेऊन बोलावते म्हनते, खरं हाये काय? मोठ्यानं?"

"माइकवरून," मी म्हटलं.

मामा नुसतेच हसले. त्यांना ते हवं होतं. त्याआधी आणि त्यानंतरही मी त्यांना काही हवं असलेलं पाहिलं नाही.

फॉर्ममध्ये रकाना होता, "उल्लेखनीय घटना". मी म्हटलं, "मामा, एक छोटासा वणवा लिहू या. लागला आणि तुम्ही विझवला. कोण बघायला येतंय?"

मामा लाल झाले. "माह्या बीटात वनवा? जवाईबापू, तोंडातून काढू नोका असं!"

"मग लिहू काय?"

"जे हाये ते लिहा. निरंक."

मला राग आला. मी "निरंक" लिहिलं आणि फॉर्म वर पाठवून दिला. त्या रकान्यात खराटा लिहिता आला असता. झाडलेले मोह, हसणाऱ्या बाया, न जळालेली टेकडी, सगळं चार ओळींत मावलं असतं. पण जंगल झाडणं ही कामगिरी म्हणून लिहिली तर साहेब हसतील, याची मला लाज वाटली. त्या लाजेची लाज आज वाटते, पण आता उपयोग काय?

सत्कार झाला तो शेजारच्या बीटाच्या गार्डचा. त्याचा अर्धा डोंगर जळाला होता आणि त्याने तो जिवावर उदार होऊन विझवला होता. त्याच्या हातांना अजून पट्ट्या होत्या. त्याला बोल लावायला जागा नाही. मामांना आधी सांगायचा धीर मला झाला नव्हता, म्हणून ते कडक इस्त्रीची खाकी घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. प्रत्येक नावाला त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळं आटोपल्यावर माझ्याकडे वाकून म्हणाले, "माह्यं घेतलं काय, जवाईबापू? मले आताशा कमी आयकू येते."

"नाही, मामा."

"बरं बरं," ते म्हणाले. लोक चिवडा आणि चहाकडे गेले, मामा मात्र व्यासपीठावर चढले. तिथे पडद्याला लागून उद्घाटनाची समई तेवत होती. ती शांत होईपर्यंत ते तिच्याजवळ बसून राहिले.

निवृत्त झाल्यावरही पहिल्या सोमवारची एसटी त्यांनी सोडली नाही. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांच्या जुन्या बीटाचा अहवाल माझ्या टेबलावर आला. नव्या गार्डने विशेष घटनेचा रकाना भरून मागे आणखी पानभर लिहिलं होतं. टेकडी, मोह, सगळं गेलं होतं. त्या सोमवारी मामा आले आणि मोरीवर पाय धुऊ लागले, तर पाणी काळंशार वाहिलं. ते बघून आले होते.

"नवा गार्ड चांगला हाये," पाटावर बसत ते म्हणाले. "तीन दिवस घरी नाही गेला, विझवतच राह्यला. पाय भाजले त्याचे. यंदा त्याचं नाव धाडा."

"आणि झाडांखाली? कोणी झाडलं नव्हतं?"

"मी खराटा देऊन आलतो ना त्याले. त्याले वाटलं, म्हाताऱ्यानं आठवन म्हनून देल्ला. भिंतीले टांगून ठेवला त्यानं."

त्या वर्षी मी नव्या गार्डची शिफारस लिहिली, सगळे रकाने भरून.

त्या सोमवारी जाताना मामा सवयीने स्वयंपाकघराकडे वळले. शेगडीवर आमच्यापुरती वरणाची डाळ शिजत होती. ही उठली, तेव्हा मला वाटलं, आता नेहमीचं भांडण होणार. हिने पातेलं खाली उतरवलं, तांब्या भरला आणि मामांच्या हातात दिला. त्या दुपारी आम्ही दोघांनी कच्चीच डाळ खाल्ली.