गुलाबी कुट्टूचं गोत्र

"मॅडम, साइन कर दीजिए, बस," मिश्राजी पुन्हा म्हणाले, तेव्हा माझं फूल गरम पाण्यात होतं आणि डोकं त्याहून गरम.

मिश्राजी आमच्या विभागाचे हेड. मी इथल्या विद्यापीठात हर्बेरियम सांभाळते. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं घर. झाड मुळासकट उपटायचं, वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं, मग जाड कागदावर चिकटवायचं. त्या कागदाला आम्ही शीट म्हणतो. वाळकं फूल तपासायचं तर आधी गरम पाण्यात टाकतात, भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून. मग ते मऊ होतं आणि पाकळ्या उघडता येतात. त्याला वेळ लागतो, हे हेड लोकांना पटत नाही.

"नई स्पीशीज़ है. लड़की का करियर बन जाएगा."

"और नहीं हुई तो?"

"आप भी ना, मॅडम!" म्हणत ते निघून गेले.

लड़की म्हणजे रश्मी. मिश्राजींच्या हाताखाली पीएच.डी. करते. ब्रह्माघाटाची, या तीर्थाच्या गावातल्या आमच्याच मराठी वस्तीतली. घरी मला मावशी म्हणते, विभागात मॅडम, आणि घाबरली की दोन्ही. कुमाऊँच्या बुग्यालातून तिनं हे झाड आणलं होतं. बुग्याल म्हणजे मोठी झाडं संपतात त्याच्याही वरचे गवताळ उतार. जमिनीला बिलगलेली पानं, त्यातून वर आलेला पेरभर गुलाबी तुरा. नवी जात आहे, असं म्हणणारा पेपर लिहून तयार होता. हर्बेरियमची इनचार्ज म्हणून त्यावर माझी सही हवी होती.

कूळ ओळखायला काही लागत नाही. देठाच्या प्रत्येक सांध्यावर पातळ कागदी नळी होती. अशी नळी दिसली की झाड कुट्टूच्या कुळातलं. तोच कुट्टू, ज्याच्या पिठाच्या पुऱ्या इथे नवरात्रात घरोघरी तळतात. आमच्या घरी उपासाला साबुदाणाच, पण शेजारच्या पांडेबाईंच्या पुऱ्यांना मी कधी नाही म्हटलेलं नाही.

माझे वडील घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची कार्यं करायचे. अस्थी घेऊन कुणी पायऱ्या उतरलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. नाव काय, गोत्र काय? मीही जन्मभर तेच विचारत आले, फक्त झाडांना. या झाडाचं गोत्र कळलं होतं. प्रश्न नावाचा होता.

आणि नावातच रश्मीचा सगळा जीव अडकला होता. नवी जात सापडली तर तिचं नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याला मिळतो. रश्मीला आपल्या बाबांचं नाव द्यायचं होतं. सदाशिवभाऊ बँकेतून रिटायर झालेले. पोरीला एकटीला डोंगरात पाठवायला आई तयार होईना, म्हणून हेच पाठीला बॅग लावून निघाले. परत आले आणि त्याच हिवाळ्यात हार्टनं गेले. तेव्हापासून पोरगी हसायची विसरली होती. या फुलाचं बोलायला लागली की मात्र चेहरा खुलायचा. मला ते दिसत होतं, म्हणून तर पुरतं तपासल्याशिवाय सही करायला हात धजत नव्हता.

फूल मऊ झालं. मायक्रोस्कोपखाली उघडलं. पाकळ्या, केसर, सगळं आपल्या जुन्या, माहीत असलेल्या बिस्टोर्टा अफिनिस या जातीसारखं. तीही तिकडचीच, तशीच गुलाबी. फरक होता तो फक्त उंचीचा. आमच्या जुन्या शीटवर झाड वीतभर, रश्मीचं जेमतेम बोटभर. तिची सगळी शीट मी टेबलावर मांडली. एकूणएक झाडं ठेंगणी, एकूणएक सुबक. एकाचंही पान दुमडलेलं नाही, की देठ वाकवलेला नाही.

अगं बाई, म्हटलं, एवढं नीटनेटकं तर देवघरही नसतं!

रश्मीला बोलावलं. "ही झाडं निवडली कुणी?"

"बाबांनी, मावशी. मी जीपीएस लिहीत होते, फोटो काढत होते. उपटायचं काम त्यांनी मागून घेतलं."

"काय सांगितलं होतंस त्यांना?"

"तेच, जो सबको सिखाते हैं. मुळासकट पाहिजे, फुलासकट पाहिजे आणि कागदावर पूरा बसलं पाहिजे."

झालं! उंच झाड कागदावर मावत नाही, त्याला दोनदा मोडून बसवावं लागतं. त्यामुळे आमच्या धंद्यातला प्रत्येकजण, कबूल करो न करो, कागदाच्या मापाचं झाड शोधतो. त्यात हे सदाशिवभाऊ. गणपतीच्या पंगतीत पानावरचा द्रोण तिरका लागला तरी उठून सरळ करणारे. ते मोडायला लागेल असं झाड घेतीलच कशाला?

"तिथले फोटो दाखव."

तिनं फोन पुढे केला. एक फोटो तिनं स्क्रीनवरच लावलेला होता. उतारावर सदाशिवभाऊ उभे, कानटोपी घातलेली, हातात वर्तमानपत्रांचा गठ्ठा, चेहऱ्यावर ऐन परीक्षेतल्या मुलाचा गंभीरपणा. मी बोटांनी फोटो मोठा केला. समोर उघड्या वाऱ्यावर पेरभर तुरे. बाजूला जरा उंच. आणि त्यांच्या मागे, मोठ्या दगडाच्या आडोशाला, तेच तुरे त्यांच्या पिंढरीला टेकलेले. लहानापासून मोठ्यापर्यंत सगळी भावंडं एका रांगेत उभी होती. जात एकच. वाऱ्यात खुरटलेली आणि आडोशाला वाढलेली, एवढाच काय तो फरक.

रश्मीनं फोन जवळ ओढला.

"हा फोटो मी रोज बघते, मावशी," ती म्हणाली. "फक्त बाबांनाच बघत होते."

मग ती रडली. मीही रडले, लपवत कशाला बसू?

डोळे पुसून ती हळूच म्हणाली, "साइन करून टाका ना. इतक्या वर कोण जाणार बघायला? कोणाचं काय बिगडणार आहे?"

क्षणभर वाटलं, खरंच काय बिघडणार आहे? पण तिला हाताला धरून एका कपाटापाशी नेलं आणि एक जुनं शीट काढलं. वर झाडाचं खरं नाव होतं. खाली बारीक अक्षरात दुसरी नावं, कुणी कुणी हौसेनं ठेवलेली आणि पुढे चूक ठरलेली. आमच्याकडे चुकलेलं नाव पुसत नाहीत. ते खऱ्या नावाखाली कायम राहतं, चूक म्हणून.

"इथे हवेत का तुला बाबा?"

तिनं 'नाही' म्हणून मान हलवली. मिश्राजींना सांगायला ती स्वतःच गेली. मी दाराबाहेर उभी होते. "इतनी मेहनत का गोबर कर दिया," असं ऐकू आलं, मग "सर, फोटो देखिए." बाहेर आल्यावर मिश्राजी माझ्याकडे न बघताच पुढे गेले. पेपर मागे पडला. रश्मीला तो चॅप्टर नव्याने लिहावा लागतोय, वाऱ्यात आणि आडोशाला हे झाड कसं बदलतं यावर. पीएच.डी. लांबली. तिची आई अजून माझ्यावर घुश्शात आहे.

शीटवरचं लेबल मात्र बदलायचं होतं. झाडाचं जुनंच नाव लिहून झालं. खाली 'संग्राहक' असा रकाना असतो. तिथे तिनं सवयीनं स्वतःचं नाव लिहायला घेतलं.

"थांब. उपटलं कुणी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सदाशिवभाऊंचं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली आपलं. लेबल डकवलं आणि कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला, जराही तिरकं होऊ नये म्हणून.

घाटावर एखादा यात्रेकरू गोत्र विसरलेला असायचा. माझे वडील त्याला म्हणायचे, "माहीत नसेल तर कश्यप म्हणा, चालतं. पण माहीत असताना दुसरं सांगू नका. पिंड भलत्याच्याच घरी जातो."