रांगेत दोन पुढे

तरणतलावाच्या वेळयंत्रावर बसणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला सगळे संथराव म्हणत. नाव बायकोनंच ठेवलेलं. "यांना आज विनोद सांगा, परवा हसतील," असं ती चारचौघांत म्हणायची, आणि हे तेव्हाही हसायचे नाहीत.

काम मात्र क्षणांचं. पोहणाऱ्या मुलीचा हात भिंतीवरच्या पाटीला लागला की तारेतून संगणकाकडे नुसता तिच्या दोरीनं आखलेल्या पट्टीचा आकडा जातो. वेळ टाकायची संगणकानं. आता संगणक म्हणजे दहा कामं अंगावर घेतलेली सून. कडी वाजली म्हणून हातातलं टाकून उठेलच असं नाही. दार उघडते तेव्हा दूधवाला आणि पोस्टमन दोघंही उभे. तिच्या लेखी दोघं एकदमच आले!

निवडीच्या शर्यतीत तेच झालं. संघात जागा एकच उरलेली, आणि पट्टी दोन व पट्टी चार यांची वेळ तंतोतंत सारखी. चारमध्ये संथरावांची लेक.

"बरोबरी! थोड्या वेळानं दोघी पुन्हा पोहतील," पंच म्हणाले. लेकीचा चेहरा फुलला. तिचा दम दांडगा. दुसरीला तर धाप आवरत नव्हती.

संथराव पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन्ही आकडे आत येऊन थांबले होते, संगणकानं एकदम उचलले. पण आधी आला तो पुढेच उभा, त्यांची रांग मोडत नाही. दोन पुढे आहे."

"अहो, चारमध्ये तुमचीच ना?"

"हो."

जागा दोनला गेली, आणि कट्ट्यावर आम्हाला आठवडाभर विषय पुरला. "बाप आहे की विजेचा खांब?"

घरी बायको भांडी जरा जास्तच आपटत होती. लेकीनं विचारलं, "बाबा, मी कितीनं मागे होते?"

"ते नाही कळत. मागे, एवढंच."

"बरं," म्हणाली आणि टॉवेल दोरीवर टाकला. पोहण्याचा ओला पोशाख पिशवीतच राहिला. पिशवीला वास सुटला तेव्हा आईनं ती गच्चीत उपडी केली.

पुढं संथरावांनी पाट्यांच्या तारा जिथं जुळतात त्या काठावरच्या पेटीतच घड्याळ बसवलं. आता आकडा निघतानाच वेळ घेऊन निघतो. तपासायला काठावर पालथे पडले, दोनच्या पाटीवर हात आणि चारच्या पाटीवर पाला काढायचा बांबू.

मी म्हटलं, "अहो, लेकीला हाक मारा की."

"झोपलीय."

भर दुपार होती.

पडद्यावर दोन वेगळ्या वेळा उमटल्या. चार आधी. त्यांनी त्या पुसल्या आणि पुन्हा पालथे पडले.