मशीन म्हणतंय, झालं

भाईंदर पश्चिमेच्या त्या टायपिंगच्या दुकानात मी धापा टाकतच शिरलो. बाबांनी लिहिलेल्या आठवणींच्या फाइलचं घरी वेबपेज करायला गेलो, तर सगळी अक्षरं अगम्य झाली आणि बाबा चक्क चिनी बोलू लागले! उद्या त्यांचं वर्षश्राद्ध. सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवतो, असं मी छाती ठोकून सांगून बसलेलो.

दुकानातल्या बाईंनी आधी मूळ फाइलची कॉपी करून ठेवली, मग जुना फॉन्ट बदलला. स्क्रीनवर मराठी उमटलं. मी उठलोच.

"बसा काका. झालं असं मशीन म्हणतंय. मी अजून म्हटलेलं नाही."

मग त्या स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ मूळ फाइलशी ताडू लागल्या. माझा जीव टांगणीला. बाबांच्या आजारपणाच्या पानावर बोट थांबलं.

"इथली एक चौकट मशीनने गाळलीय. काका, तुम्ही घरात धाकटे का?"

"हो. का हो?"

त्यांनी आधी पाण्याची बाटली पुढे केली, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. चौकटीत बाबांनी लिहिलं होतं, 'हे पान धाकट्यासमोर वाचू नका. सगळ्यांना हसवतो, पण रडायला लागला की आवरत नाही.'

बाटली मी संपवली.