नऊ वाजता जाणारी लाइन

कुणाच्याही घरात शिरली की ती आधी माणसाकडे बघायची नाही, तारेकडे बघायची. भिंतीवरून टीव्हीकडे गेलेली काळी तार दोन बोटांत धरायची, वैद्यानं नाडी धरावी तशी, आणि म्हणायची, "लाइन जित्ती हाय. तुमचा डबाच मेलाय." बाकीच्या बायकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. हिच्या कमरेला पक्कड.

अहमदपुरात मार्केट यार्डाच्या मागं आमची गल्ली आहे, तिथली ती केबलवाली. तिला नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही, म्हणून इथंही नाव लिहीत नाही. दुसऱ्याही एकाचं नाव मी लिहिणार नाही, पण त्याचं कारण निराळं आहे. तो टीव्हीवरचा मोठा विनोदवीर आहे. माझ्या हातून त्याची फुकट जाहिरात व्हायला नको.

केबल हा मूळ तिच्या नवऱ्याचा धंदा. वळवाच्या वाऱ्यानं तार तुटली, ती जोडायला तो खांबावर चढला, खांब ओला होता, पाय निसटला आणि जागीच गेला. पंधरा दिवसही झाले नाहीत तोवर हिनं त्याची पक्कड कमरेला खोचली आणि शिडी खांद्यावर घेतली. "बाईमाणूस खांबावर चढतंय, काय जमाना आला," म्हणणाऱ्या किराणावाल्याची लाइन तिनं सगळ्यात आधी जोडली आणि वरूनच ओरडली, "भाऊ, चित्र साफ दिसतंय का? बाईमाणसानं जोडलंय!"

नवरा मोठा गमत्या माणूस. गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य, पण गणपतीत स्टेजवर उभा राहिला की गल्ली लोळायची. त्याची तहसील कचेरीची नक्कल तर अशी, की खुद्द कचेरीतले लोक बघायला यायचे. शेतकरी जिवंत असल्याचा दाखला मागायला येतो. कारकून विचारतो, "तू जित्ता हायस ह्याचा पुरावा काय?" शेतकरी म्हणतो, "साहेब, म्या समोर उभा हाय की." कारकून म्हणतो, "समोर तर कालचा मेलेला बी उभा होता. पर त्यानं अर्ज तरी बरोबर भरला होता!"

त्या नकलेतला शेतकरी व्हायचा लोहा गावाकडचा एक कॉलेजातला मुलगा. तोच आपला विनोदवीर. दोन-तीन वर्षं गणपतीचे दहाही दिवस तो ह्यांच्याच घरी जेवायला असायचा. हिच्या हातचे धपाटे आणि दही, किती खाल्ले त्याची गणतीच नाही. पुढं तो मुंबईला गेला, आणि मग एक दिवस नऊच्या बातम्यांच्या वेळेला त्याचा स्वतःचा कार्यक्रमच लागला. लाल सोफा, मागं लुकलुकणारे दिवे, रोज एक सिनेमातला पाहुणा. हा त्यांची टिंगल करणार, ते हसणार, आपण बघणार. आम्हाला केवढा अभिमान! ही तर ज्याच्या त्याच्या घरी सांगायची, "माझ्या घरचे धपाटे खाऊन मोठा झालाय त्यो."

एका रात्री एक मोठी नटी पाहुणी होती. माझा टीव्ही मोठा म्हणून आम्ही सात-आठ जणी माझ्याकडेच बसलो होतो. नटीनं विचारलं, "तू हे सगळं शिकलास कुठं?" ही पुढं सरकली. "गप बसा गं, आता ह्यायचं नाव घेईल बघा."

तो म्हणाला, "आमच्या भागात एक नकलाकार होता. दोन घोट पोटात गेल्याशिवाय त्याच्या तोंडातून नक्कल निघायची नाही." आम्ही हसलो. सवयच लागली होती त्याच्यावर हसायची. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू? मग तो म्हणाला, "केबलवाला होता. एक दिवस टाकून खांबावर चढला. वर गेल्यावर त्याला वाटलं जमीन आली, आणि उतरला की हो तिथंच!" नटी सोफ्यावर आडवी झाली. डोळ्यांतलं पाणी पुसायला लागली.

माझ्या घरात केबलवाली तेवढी हसली नव्हती. ती उठली, चपलेत पाय घातला आणि एवढंच म्हणाली, "लाइन बघून येते." पाच-सात मिनिटांत सगळ्या गल्लीचे टीव्ही काळे झाले.

दुसऱ्या दिवशी पानटपरीवर लोक म्हणायला लागले, "पिऊन पडला म्हणे, आपल्याला ठावंच न्हवतं." तेवढंही तिनं गिळलं असतं. पण घरात सासू होती. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, कान मात्र तिखट. तिनं सुनेला जवळ बसवून विचारलं, "माझं लेकरू प्यायचं का गं? तू मला कामून सांगितलं न्हाईस?"

"आत्याबाई, खोटं हाय ते. माळ होती की गळ्यात."

"टीव्हीत कुणी खोटं बोलतंय व्हय? एवढी मोठी माणसं बसल्याली असतात तिथं. तू झाकून राहिलीस माझ्यापून."

ही शपथा घाली, म्हातारी मान हलवी. सून झाकते आहे, टीव्ही खरं बोलतो आहे, हेच तिच्या मनात बसलं. त्या दिवसापासून तिनं लेकाच्या फोटोला हात जोडणं सोडलं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. केबलवाली माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आक्का, म्हातारी मरायच्या आत त्यानं खरं सांगितलं पायजे. त्याच तोंडानं, त्याच डबड्यातून."

माझं लिहिणं-वाचणं लग्नानंतरचं, पोरांच्या पाटीवर शिकलेलं. पण अक्षर बरं, म्हणून पत्र मी लिहिलं. उत्तर नाही. मग तिनं कुठून तरी फोन नंबर मिळवला. तिकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, ती कॉमेडी आहे. मनाला लावून घ्यायचं नसतं."

"मग तुझ्या बापाचं सांग की तसंच कॉमेडीत."

फोन कटला.

मग तिनं जे सुरू केलं ते मात्र आम्हाला भोवलं. रोज नऊला तेवढं एक चॅनल जायचं. कुणी वरच्या केबल कंपनीत तक्रार केली की कंपनी हिलाच धाडायची, ही शिडी घेऊन हजर. तार दोन बोटांत धरायची आणि डोळा न मिटता सांगायची, "तांत्रिक अडचण हाय." एकदा बायकांचा मोर्चाच तिच्या दारात गेला. "त्याच्यावरची खुन्नस आमच्यावर कामून काढालीस?"

"तुमी हसलाव म्हणून," ती म्हणाली. मोर्चा परतला. मी त्यात होते. सगळ्यात मागं.

थोड्या दिवसांनी तिच्या हाती नवऱ्याच्या कॅसेटी लागल्या. गणपतीतले कार्यक्रम तो रेकॉर्ड करून ठेवायचा. गल्लीपुरतं तिचं एक चॅनल होतं, एरवी त्यावर हरवलेल्या म्हशी आणि साड्यांचे सेल दिसायचे. त्यावर तिनं नऊ वाजता नवऱ्याला लावला! त्या वेळेला हसायला दुसरं काही नाही म्हणून लोक बघायला लागले, आणि मग बघतच राहिले. कारकुनाची नक्कल आली तसा माझा नातू बोलला, "आजी, हे तर टीव्हीवाला करतो तेच हाय!" आणि खरंच. तहसील कचेरी तीच, एसटीचा कंडक्टर तोच, गुरांचा डॉक्टर तोच. शब्द न् शब्द तोच. आणि कोपऱ्यात, मिसरूड फुटलेला, नवऱ्याच्या तोंडाकडे आ वासून बघत उभा राहिलेला आपला विनोदवीर.

वर्षभर रोज तेच. गावातल्या दुसऱ्या केबलवाल्यांनीही कॅसेटी मागून नेल्या; गल्लीचं सोडा, अर्ध्या अहमदपूरला त्या नकला पाठ झाल्या. लोक बाजारात भाव करतानासुद्धा तेच बोलायला लागले.

आणि मग बातमी आली की कार्यक्रम लातूरला येणार. उघड्या मैदानावर, सोबत हिंदी सिनेमातला हिरो. आमच्याकडून टेम्पोवर टेम्पो भरून माणसं गेली, अर्धं मैदान आमचंच. केबलवालीनं सासूला जीपमध्ये घातलं आणि पहाटेपासून रांगेत उभं राहून पहिली ओळ धरली. मी शेजारी, मांडीवर म्हातारीच्या औषधाची पिशवी.

तो आला, हात हलवले, हिरोला सोफ्यावर बसवला आणि म्हणाला, "आज आपल्या मातीत आलोय, तर माझी पहिली नक्कल." झाला कारकून. "समोर तर कालचा मेलेला बी उभा होता..." आणि तो दम घ्यायला थांबला तेवढ्यात सगळं मैदान एका सुरात ओरडलं, "पर त्यानं अर्ज तरी बरोबर भरला होता!"

तो हसला. म्हणाला, "अरे वा, एवढे फॅन?" आणि कंडक्टर काढला. "उभं राहायला जागा हाय..." मैदान म्हणालं, "बसायची हौस घरी ठिवून या!" त्यानं गुरांचा डॉक्टर काढला. डॉक्टरनं तोंड उघडायच्या आत मैदानानं म्हशीचं औषध सांगून टाकलं. हिरो पोट धरून हसत होता, पण लोकांकडे बघून. "भाई, इन सब को तेरा सब याद है?"

मागून एक हमाल ओरडला, "त्याचं न्हवं ते! केबलवाल्याचं हाय!" आणि सगळं मैदान केबलवाला, केबलवाला करायला लागलं. त्याच्या गालावरून घामाचा ओघळ आलेला मी पाहिला. मला काय वाटलं सांगू? गोड वाटलं. देवापुढं साखर ठेवतात ना, तसं गोड.

लोकांनी हिरोला प्रश्न विचारायचे म्हणून माईक फिरत होता. तो हिच्या हातात आला. ती उठली. "ओळखलंस का?"

त्यानं डोळे बारीक केले. "वैनी..."

"ह्या आत्याबाई बसल्यात. ह्यायच्या हातचं पाणी पेलास तू. ह्यायला सांग, ह्यायचं लेकरू दारू प्यायचं का."

"वैनी, तो विनोद होता..."

"बरं. मग म्हातारीला हसीव."

 तो स्टेजच्या कडेला आला, वाकला. "माय, न्हाई. कधीच न्हाई. म्या खोटं बोललो."

म्हातारीनं आवाजाच्या दिशेला तोंड केलं. रागावली नाही, काही नाही. नुसतं विचारलं, "मग कामून बोललास रे, लेकरा?"

सिनेमातल्या भल्याभल्यांची तोंडं बंद करणारा तो माणूस. त्यानं माईक खाली केला.  मग त्याच्या माणसांनी येऊन हिच्या हातातला माईक घेतला आणि गाणं लावलं.

घरी आल्यावर म्हातारीनं आधी फोटो पुसून घेतला पदरानं. आठवडाभरानं तो भाग टीव्हीवर लागायचा होता. त्या रात्री नऊला, वर्षभरात पहिल्यांदा, लाइन गेली नाही. आम्ही सगळ्या माझ्याकडे. आणि काय दाखवलं? हिरो नाचला, हिरो बोलला, तो नक्कल करतो आणि लोक हसतात. आमचा आवाज पुसून तिथं कुठलं तरी भलतंच हसू चिकटवलं होतं. ती नाही, म्हातारी नाही, ते एक वाक्य नाही.

मी म्हटलं, "जाऊ दे बाई. आत्याबाईंनी ऐकलं ना?"

"आत्याबाईचं फिटलं. माझं न्हाई. बोलला होता सगळ्या म्हाराष्ट्रात, आन् पुसून राहिला मैदानात?"

दोन दिवसांनी त्याचा स्वतःचा फोन आला. फोन तिनं मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणून मीही ऐकला. "वैनी, माझ्या हातात नसतं. वरचे लोक कापतात."

"मला नगं शिकवू. कापायचं काम माझं बी हाय," ती म्हणाली आणि त्याच रात्री नऊपासून लाइन पुन्हा जायला लागली.

म्हातारी गेली, तरी लाइन जात राहिली. पुढं पोरं मोबाईलवर त्याचा कार्यक्रम बघायला लागली. एकदा माझ्या नातवाच्या हातातून तिनं मोबाईल घेतला, उलटापालटा करून बघितला, तार कुठं सापडेना. परत दिला त्याला. "ह्याला मला हात लावता येत न्हाई, आक्का," म्हणाली आणि ओट्याला हात टेकत टेकत उठली. तेव्हा पहिल्यांदा ती मला म्हातारी दिसली.

मागच्या थंडीत ती गेली. दहाव्याला आम्ही बायकाही तळ्यावर गेलो होतो. पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, एक खाली येईल तर शपथ. पुण्याहून आलेला तिचा मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, घराकडं लक्ष ठेवतो." नाही. "बहिणीला अंतर देणार न्हाई." नाही. ऊन चढलं. कुणीतरी शहाण्यानं त्याच्या कानात सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, त्या टीव्हीवाल्याला आमी समद्यांनी माफ केलं." सगळ्यात खालच्या फांदीवर एक कावळा होता, तोही उडून पलीकडच्या झाडावर गेला.

मला राहवलं नाही. मी पुढं झाले. "बाई, कुणी माफ केलं न्हाई. त्यानं जे कापलं ते मी लिहीन. छापून आणीन. म्हाराष्ट्रानं वाचावं असं लिहीन." कावळा आला. त्याला माझं पटलं की नुसती भूक लागली होती, ते तुम्ही ठरवा.

तर लिहिलं. केबलवाला दारू पीत नव्हता. पडला त्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभ्यानं कोरा चहा तेवढा पिऊन तो खांबावर चढला होता. मीच दिला होता. आणि तो कप खाली ठेवायच्या आत, "लवकर जोड बाबा, दोन दिवस झाले टीव्ही न्हाई," असं मीच त्याला म्हणाले होते.